आकड्यापुढचं नाव

नाडकर्णीबाईंना गोल आकडे चालत नसत. कोणी "साधारण पन्नास" म्हणालं, की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "एकोणपन्नास की एक्कावन्न?" समोरचा हसायचा. बाई हसायच्या नाहीत. "पन्नास म्हणजे तुम्ही विचार करायचा कंटाळा केलात," असं त्या तोंडावर सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि ते ऐकून घेणारा बहुतेक वेळा मीच असायचो.

डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत आमचा स्प्रिंगांचा कारखाना होता. तारेची भेंडोळी यायची, मशिनवर वळली जायची, भट्टीतून निघायची, टोकं घासली जायची आणि ती स्प्रिंग कुणाच्या पंपात नाहीतर कुणाच्या गाडीच्या ब्रेकात जाऊन बसायची. मी उत्पादन बघायचो. बाई नेमकं काय बघतात, हे निम्म्या कारखान्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या दारावर 'नियोजन' अशी पाटी होती. झालेल्या खर्चाचा हिशेब ठेवणारे लोक वेगळे होते. बाईंचं खातं न झालेल्या गोष्टींचं. नवी भट्टी घेतली तर काय होईल, मोठं गिऱ्हाईक सुटलं तर काय होईल, तारेचा भाव चढला तर कुठल्या महिन्यात पगार अडकतील, हे सगळं त्या आजच कॉम्प्युटरवर मांडून बघायच्या. वाईट, मधलं आणि चांगलं, अशी तीन भविष्यं त्यांच्याकडे कायम तयार असत. मालक मिलिंदशेठ त्याला 'मॉडेल' म्हणायचे. आम्ही 'बाईंची शीट' म्हणायचो.

त्या शीटमध्ये एक रकाना होता, तसा मी दुसऱ्या कुठल्या कंपनीत पाहिला नाही. प्रत्येक आकड्यापुढे एका माणसाचं नाव. रकान्याचं शीर्षक होतं, 'कोण म्हणालं'. भट्टीला दिवसाला किती गॅस लागतो, त्यापुढे भट्टीवाल्याचं नाव. शंभरात किती स्प्रिंगा फुकट जातात, त्यापुढे माझं.

"आकडा आकाशातून पडत नाही, राणे," बाई म्हणायच्या. "तो कुणाच्या तरी तोंडातून येतो. ते तोंड कुठलं, एवढंच मला माहीत हवं."

यामागे एक जुनी जखम होती. आधीच्या नोकरीत त्यांनी एका नव्या मालाची योजना मांडली होती. माल खपला नाही. मग बैठकीत शोध सुरू झाला की एवढा खप होईल असं म्हणालं कोण. कोणीच म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, सांगितलं कोणीच नव्हतं, आणि शेवटी तो आकडा बाईंच्या पदरात पडला. हे त्यांनी मला एकदाच, डबा खाताना सांगितलं, आणि पुढे लगेच विचारलं की आज भाजीत मीठ कमी आहे का. त्या डबा कायम आपल्या टेबलावर, कॉम्प्युटरकडे पाठ करून खायच्या. खाताना आकडे दिसले तर अन्न अंगी लागत नाही, असं त्यांचं एक शास्त्र होतं.

त्यांच्या या रकान्यापायी आमच्याकडे बऱ्याच गमती झाल्या. स्टोअरकीपर पावसकरांना त्यांनी विचारलं, तार मागवल्यापासून किती दिवसांत येते? पावसकर म्हणाले, "आठ-दहा."

"आठ की दहा?"

"नऊ लिहा ना मॅडम."

बाईंनी नऊ लिहिले नाहीत. मागच्या दोन वर्षांची चलनं काढायला लावली, खाली सतरंजीवर बसून लावून घेतली आणि उत्तर आलं, चौदा. मग त्यांनी पावसकरांना बोलावून 'चौदा – पावसकर' असं लिहिलेलं दाखवलं. पावसकर म्हणाले, "मी कुठे चौदा बोललो?" बाई म्हणाल्या, "आता बोला." पावसकर बोलले. त्यानंतर आठवडाभर ते बाईंच्या खोलीवरून जायचे टाळत होते.

एकदा भट्टी विकायला एक टायवाला तरुण आला. नव्या भट्टीने गॅस किती वाचेल ते त्याने मोठ्या झोकात सांगितलं. बाईंनी विचारलं, "कोण म्हणालं?"

"कंपनी म्हणते, मॅडम."

"कंपनीला तोंड नसतं. माणसाचं नाव सांगा."

बिचाऱ्याने तिथूनच आपल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी त्यांच्या साहेबांचं नाव सांगितलं, आणि त्या साहेबांनी आपलं नाव लिहिलं जाणार आहे हे कळल्यावर वाचणारा गॅस एकदम निम्म्यावर आणला. मिलिंदशेठ खुर्चीत मागे रेलून हसत होते. ती भट्टी आम्ही घेतली, आणि गॅस त्या निम्म्या आकड्याएवढाच वाचला. बाईंचा रकान्यावरचा विश्वास तेव्हापासून श्रद्धेच्या घरात गेला. नाव लिहिलं की माणूस खरं बोलतो, हे त्यांच्या लेखी सिद्ध झालं.

मी त्यांची थट्टा करायचो, पण मनातून मला त्यांचा धाक होता आणि आधारही. पंचवीस वर्षं कारखान्यांत काढली, तिथे मी बहुतेक निर्णय मोठा आवाज असलेल्या माणसाच्या बाजूने झालेले पाहिले होते. बाईंचा आवाज बारीक होता. तरी त्यांच्या खोलीत मोठ्या आवाजाचे लोक जपून बोलत.

मग जागा हलवायचं निघालं.

मानपाड्याच्या आजूबाजूला टॉवर उभे राहिले होते. आमच्या भिंतीला लागून एक संकुल झालं आणि तिथले लोक आमच्या मशिनांच्या आवाजाविरुद्ध अर्ज करू लागले. प्लॉटला मागणी येत होती. मिलिंदशेठनी ठरवलं, हा प्लॉट विकायचा आणि मुरबाडच्या पुढे मोठी शेड घ्यायची. तसं मनाशी ठरवलंच होतं, पण वडिलांनी उभा केलेला कारखाना हलवायचा म्हणजे त्यांनाही जड जात होतं. म्हणून ते बाईंना म्हणाले, "मॅडम, तुम्ही मॉडेल करा. तुमच्या शीटमध्ये लाल दिसलं तर मी थांबतो. आय मीन इट."

बाई तीन आठवडे त्या शीटमध्ये बुडाल्या. जागेची किंमत, नवी शेड, वीज, वाहतूक, सगळं बसत होतं. सगळी योजना येऊन अडकली एका आकड्यावर. आमच्याकडे मशिन चालवणारे आणि लावणारे मिळून चाळीस जण होते. स्प्रिंगचं मशिन लावणं हे पुस्तकातून येत नाही. तारेचा ताण बोटाला कळावा लागतो, त्याला पाच-सात वर्षं जातात. चाळीसातले निदान सव्वीस जण नव्या जागी आले तर कारखाना चालणार होता. पंचवीस आले तर बाईंच्या शीटमधला शेवटच्या उत्तराचा चौकोन लाल व्हायचा.

"सत्तर टक्के धरा," मिलिंदशेठ म्हणाले. "सगळे तेच धरतात."

"सत्तर गोल आहे," बाई म्हणाल्या. "मी एकेकाला विचारते."

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात त्या टेबल मांडून बसल्या. तीन दिवस. पुढे एक लांब वही, तिच्यात नाव, उत्तर आणि सही. मी शेजारी उभा राहून एकेकाला पाठवत होतो. बाई प्रत्येकाला नीट समजावत. बस कंपनीची, सकाळी सहाला मानपाड्याहून सुटणार, परत यायला साडेसात-आठ. पगारात थोडी वाढ. कोणावर जबरदस्ती नाही. "येणार का? खरं सांगा."

"येणार की मॅडम."

"कंपनी जिकडं, तिकडं आम्ही."

"तुम्ही म्हणता म्हणजे यायलाच पायजे."

चाळीसांपैकी सदतीस जण हो म्हणाले. तिघं नाही म्हणाले. त्यांतले दोघं त्याच वर्षी रिटायर होणार होते आणि तिसऱ्याचं रेल्वेतल्या नोकरीचं झाल्यातच जमा होतं. नाही म्हटल्याने ज्यांचं काहीच बिघडणार नव्हतं, नेमके तेवढेच नाही म्हणाले. ही गोष्ट त्या वहीत धडधडीत समोर होती. बाईंना दिसली नाही. मला दिसली नाही, असं मात्र मी म्हणू शकत नाही.

कारण सुभाष मोरे. मोरे आमचा सर्वांत जाणता सेटर, म्हणजे मशिन लावणारा, चोवीस वर्षं नोकरी झालेला. मानपाड्यातच चाळीत राहायचा. त्याचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते, बायको दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायची. रोज साडेबाराला मोरे सायकल काढून घरी जायचा, म्हाताऱ्याला कूस बदलून द्यायचा, भरवायचा आणि परत यायचा. सुट्टीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागायची. ती मी त्याला गेली चार वर्षं देत होतो, कागदावर न आणता. म्हणजे मुरबाडला जाणं मोरेला शक्य नाही, हे कारखान्यात कुणाला पक्कं माहीत असेल तर ते मला.

मोरे टेबलाशी आला. बाईंनी विचारलं. तो जरा घुटमळला आणि वहीकडे बघत म्हणाला, "मॅडम, माझं नाव लिवताय काय?"

"हो, मग? तुमचं मत आहे, तुमच्याच नावावर राहायला हवं."

"मग येतो लिवा."

आणि मी हसलो. मला वाटलं, मोरेने बाईंची गंमत केली. नंतर मनात आलं होतं की बाईंना बाजूला घेऊन सांगावं. पण शीट त्यांची, रकाना त्यांचा, मिलिंदशेठ खूश, आणि मीच कशाला सांगायचं, असं करत करत तो आठवडा गेला.

बाईंनी मधल्या भविष्यात पस्तीस धरले, वाईटात एकतीस. चौकोन हिरवाच राहिला. प्लॉट विकला गेला.

नव्या शेडचा पहिला दिवस थंडीतला होता. पावणेसहाला बाई मानपाड्याच्या चौकात बसपाशी उभ्या होत्या. त्यांना येण्याची काही गरज नव्हती. ठाण्याला कोपरीत राहणारी बाई एवढ्या पहाटे तिथे कशी पोचली, मी विचारलं नाही. हातात यादी होती. माणूस बसमध्ये चढला की त्या नावापुढे खूण करत आणि त्याला म्हणत, "बसा, खिडकी घ्या." सहा वाजले तेव्हा अकरा खुणा झाल्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबायला सांगितलं. मग आणखी दहा. रिक्षा थांबली की त्या मान वर करायच्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच बसच्या टायरला हात लावून बघत होतो. सव्वासहा होऊन गेल्यावर आत बसलेल्यांपैकी कदम नावाचा ऑपरेटर खिडकीतून म्हणाला, "मॅडम, चला आता. येणारे आलेत."

दिवसभर फोन येत राहिले. पोरीला ताप आहे, गावी आलेलो आहे, उद्यापासून नक्की. त्या उद्याला अकराचे नऊ झाले.

त्या रविवारी बाई मला म्हणाल्या, "मोरेंकडे चला." मोरेच्या खोलीत तिघांना बसायला जागा नव्हती. म्हातारा कॉटवर होता, आम्ही कॉटच्या पायथ्याशी टेकलो. मोरेच्या बायकोने चहा दिला. बाईंनी चहा घेतला आणि सरळ विचारलं, "मोरे, तुम्ही येतो म्हणाला होतात. सही आहे तुमची."

"व्हय."

"येणार नव्हतात तर तसं सांगायचं. मी रागावले असते का?"

"तुमी नसता रागावला," मोरे म्हणाला. "पन नाव लिवलं होतं, मॅडम. जो नाय म्हनंल, त्याला आदी काडनार. तितपर्यंतचा पगार तरी कशाला घालवू?"

"असं कोण म्हणालं?"

त्यांनी हे विचारलं ते सवयीने. पण मोरेने खरंच नाव आठवून पाहिलं. तो बायकोकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "कोन कशाला म्हनायला पायजे? साहेबाच्या हापिसातली बाई वही घिऊन बसली, त्यात समजायचं ते समजलं."

 बाई कप तसाच धरून बसल्या होत्या. वडिलांनी काहीतरी पुटपुटत हात हलवला, तेव्हा मोरे उठला आणि त्याने त्यांची कूस बदलली. आम्ही निघालो. चाळीच्या तोंडाशी बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "अठ्ठावीस माणसं माझ्याशी खोटं बोलली राणे, आणि ती सगळी मी बोलायला लावली." मला तेव्हा बोलता आलं असतं. मी रिक्षा बघतो म्हणालो.

सोमवारी त्यांनी शीट उघडली. त्या ओळीतली सदतीस नावं पुसली आणि तिथे आपलं एकच नाव लिहिलं. मग ती मिलिंदशेठना पाठवली आणि राजीनामाही. शेठ वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, "पण मॅडम, हिरवं होतं ना?" बाई म्हणाल्या, "होतं."

पुढचं मी पाहिलं, त्या नव्हत्या. नवी माणसं घेतली, पण तारेचा ताण त्यांच्या बोटांना कळेना. स्प्रिंगा गिऱ्हाइकाच्या तपासणीत तुटल्या. आधी एक गिऱ्हाईक गेलं, मग तीन. सव्वा वर्षाने कारखाना बंद पडला आणि शेड भाड्याने गेली. जे आले नव्हते त्यांनी इकडे तिकडे कामं धरली, मोरे घराजवळच्याच एका गोदामात लागला. सर्वांत वाईट झालं ते आलेल्यांचं. कदमने तर मुरबाडला खोली घेतली होती, पोरांच्या शाळा बदलल्या होत्या. ज्याने खरं सांगितलं त्याचंच घर मोडलं. या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

बाईंना भेटायला मी दोन-तीनदा निघालो आणि वाटेतूनच परत फिरलो. मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी मात्र कोपरीला गेलोच. त्यांची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. जिन्यात खाली चार-पाच म्हातारी माणसं रांगेत उभी होती. मला वाटलं, काही अशुभ झालं की काय. वर गेलो तर दुसऱ्या मजल्यावर बाईंच्या घराचं दार लोटलेलं, आणि बाहेर जिन्याच्या चौकात बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"नाडकर्णीबाई," मी म्हणालो.

"राणे का? आवाज ओळखला. थांबा, मला वळता येत नाही. आत माणूस आहे."

मग भिंतीकडे बघतच त्यांनी सांगितलं. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून बिल्डर आला होता. तीन वर्षं सगळ्यांनी बाहेर भाड्याने राहायचं. सभेत सेक्रेटरींनी विचारलं, तेवीसच्या तेवीस हात वर झाले. मग सगळे बाईंकडे आले, तुम्ही आकडेमोड करून सांगा म्हणून. बाईंनी आधी नाही म्हटलं होतं. मग एका अटीवर कबूल झाल्या. आत टेबलावर एका वाटीत हरभरे आहेत, एका वाटीत वाल. घर सोडायला मनापासून तयार असेल त्याने हरभरा डब्यात टाकायचा, नसेल त्याने वाल. आत एकट्याने जायचं, आणि कोण आलं-गेलं ते बाईंनी बघायचं नाही.

"चिठ्ठ्या का नाही?"

"अक्षर ओळखते मी सगळ्यांचं."

आतलं माणूस बाहेर आलं, खाली गेलं. पुढचं यायच्या आत मला बोलून टाकायचं होतं. "बाई, मोरेचं मला माहीत होतं. तो रोज दुपारी घरी जायचा वडिलांसाठी. तो येणार नाही हे मला तेव्हाच कळलेलं."

त्यांच्या पाठीकडे बघून हे बोलणं सोपं गेलं, हे मी कबूल करतो. 

"तुम्ही हसला होतात," त्या म्हणाल्या. "मी ते पुष्कळदा आठवून पाहिलं. मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही माझं नाव लिहिलं असतंत."

"हो. लिहिलं असतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

एवढ्यात रांगेतले, तळमजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत वर आले, आत गेले. आत बराच वेळ काही आवाज नव्हता. मग डब्यात एक दाणा पडल्याचं ऐकू आलं. आजोबा बाहेर आले, त्यांनी दार ओढून घेतलं आणि डोळे पुसत बाईंना म्हणाले, "झालं हो माझं. वळा आता."

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा. पावलं ऐकू येईनाशी झाली की वळेन."

मी आजोबांना हात दिला आणि आम्ही खाली उतरायला लागलो. पहिल्या मजल्याच्या वळणावरून मी वर पाहिलं, बाई तशाच भिंतीपाशी होत्या, मान किंचित तिरकी करून ऐकत. उरलेला जिना मी चपला जरा वाजवतच उतरलो, म्हणजे पावलं लांब गेल्याचं कळून त्यांना वळता यावं.